डोळ्यांखालचं मूत्रपिंड

कोळंबीचं विच्छेदन पहिल्यांदा केलं तेव्हा मी उत्सर्जनाचा अवयव पोटात शोधत बसले होते. जठर, हेपॅटोपँक्रियास म्हणजे पचनग्रंथी, आतडं, सगळं अलगद बाजूला केलं. काहीच सापडेना. शेवटी बाईंनी काही न बोलता चिमट्याचं टोक दुसऱ्या शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या लांब मिशीच्या, बुंध्यावर टेकवलं. तिथलं कवच उघडलं, तर आत वाटाण्याएवढी पांढुरकी ग्रंथी! मूत्रपिंड चक्क डोक्यात होतं.

आता हा तास मी घेते आणि त्या ग्रंथीपाशी हमखास रेंगाळते. तिला ग्रीन ग्लँड म्हणतात, पण हिरवी दिसते ती क्रेफिशमध्ये, म्हणजे लॉबस्टरच्या छोट्या नातलगात. रचना मात्र तीच: बंद टोकाची एक पिशवी, मग नागमोडी नळ्यांचं जाळं, पुढे मूत्राशय, आणि शृंगिकेच्या बुडाशी बाहेर उघडणारं छिद्र. पिशवीच्या भिंतीत पोडोसाइट पेशी असतात. आपल्या मूत्रपिंडातही रक्त गाळायला याच धर्तीच्या पेशी आहेत, हे सांगताना मला दरवेळी भरून येतं.

खरं तर अमोनिया बहुतेक कल्ल्यांतूनच बाहेर जातो. ग्रंथीचं मोठं काम पाणी आणि क्षार सांभाळण्याचं. क्रेफिश गोड्या पाण्यातला, त्यामुळे त्याच्याकडे एक जादा लांब नळी असते. ती क्षार परत शोषून घेते आणि मूत्र पातळ होतं. समुद्रातल्या लॉबस्टरला ती नळीच नाही.

पण हा अवयव डोक्यात आला कसा? कीटक, कोळंबी, कोळी ज्यात येतात त्या संधिपादांचा नातलग पेरिपॅटस, हा अळीसारखा मऊ प्राणी, पाहिला की उलगडतं. त्याच्या जवळजवळ प्रत्येक पायाच्या बुडाशी अशा नळ्यांची जोडी आहे. कवचधाऱ्यांच्या, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटाच्या, पूर्वजांतही ती खंडाखंडाला असावी. पुढे दोनच जागा उरल्या, दुसरी शृंगिका आणि दुसरी जंभिका, म्हणजे तोंडाजवळचा एक अवयव. ग्रंथीतली पिशवी ही जुन्या देहगुहेचाच, म्हणजे शरीरातल्या पोकळीचाच, उरलेला तुकडा मानतात. प्रौढ कोळंबी, खेकडे, लॉबस्टर शृंगिकेतली जोडी वापरतात. पाण्यातले चिमुकले कोपेपॉड आणि जमिनीवरचा वुडलाउस हे कवचधारी जंभिकेतली.

आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला छोटा कवचधारी तर एकाच आयुष्यात दोन्ही वापरतो. अंड्यातून निघालेल्या नॉप्लियस डिंभकात, म्हणजे पिल्लात, शृंगिकेची ग्रंथी काम करते, मोठेपणी ती मागे पडून जंभिकेची सुरू होते. म्हणून हल्ली कोळंबीच्या ट्रेशेजारी मी आर्टेमियाच्या दोन वाट्या ठेवते, एकीत कालची पिल्लं, दुसरीत प्रौढ.