कास पठारावर सीतेच्या आसवांच्या शोधात

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आडवारी, आम्ही चौघे पहाटे साताऱ्याहून निघालो आणि यवतेश्वरचा घाट चढून, सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावरच्या कास पठारावर पोहोचलो. २०१२ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती आढळतात. मला मात्र एकच फूल नीट पाहायचे होते, ते म्हणजे सीतेची आसवे.

वाटेच्या कडेला गुडघे टेकून भिंग लावल्यावरच ते खरे दिसते. बोटभर उंचीच्या केसासारख्या देठावर नखाएवढे निळसर जांभळे फूल, खालची पाकळी पसरट, आणि तिच्या फुगीर मध्यावर ओघळता ओघळता थांबलेल्या थेंबासारखा पांढरा डाग. वनवासात सीतेच्या डोळ्यांतून गळलेली आसवे जिथे पडली तिथे ही फुले उगवली, असे लोक सांगतात. वाटेत कणसे भाजणाऱ्या एका आजींना मी हे विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "माउली रडली न् कातळाला पाझर फुटला, बाळा."

मला हा पाझर फार महत्त्वाचा वाटतो, कारण हे रोप कातळावरच्या पातळ मातीत, पाणी झिरपत राहते अशाच जागी वाढते. त्या मातीत नत्राची वानवा असल्याने, खरी मुळे नसलेली ही वनस्पती ओल्या चिखलातील बारीक पिशव्यांत सूक्ष्म जलजीव ओढून घेते आणि पचवते. पिशव्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या पाहण्यासाठी रोप उपटण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कथा रचणाऱ्यांना पिशव्या ठाऊक नसतील, पण फूल आणि पाणी यांचे नाते त्यांनी अचूक टिपले होते. सह्याद्रीतील माणसाने सीतेला अशा खुणांतूनच जपले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर झाडावरून लोंबणाऱ्या एका आमरीच्या (ऑर्किडच्या) गुलाबी-पांढऱ्या घोसालाही 'सीतेची वेणी' म्हणतात.

जाणाऱ्यांनी ऑनलाइन नोंदणी आधीच करावी, कारण रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवलेली असते. शनिवार-रविवार शक्यतो टाळावा. स्वतःचे वाहन नसल्यास साताऱ्याहून बामणोलीकडे जाणारी एसटी कासवरून जाते. परतीची वेळ मात्र आधी विचारून ठेवावी. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, म्हणून रेनकोट न्यावा, आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग न विसरता सोबत ठेवावे. आखलेली वाट सोडून फुलांत बसणाऱ्यांना आम्ही दोनदा विनंती करून उठवले. दाबली गेलेली माती झिरपणारे पाणी धरत नाही, आणि पाणी नसेल तर पुढच्या वर्षी तिथे आसवे फुलत नाहीत.

अकराच्या सुमारास धुके उतरले आणि चार हातांवरचेही दिसेनासे झाले, तेव्हा सकाळी लवकर पोहोचणेच उत्तम. ऑक्टोबरमध्ये पाझर आटू लागला की जांभळा रंग ओसरतो. त्यानंतर जाण्याचा बेत असेल, तर या फुलाची आशा धरू नये.