गुलाबी बोंडअळी: बोंड फोडल्याशिवाय कळत नाही

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा पतंग दिवसा सहसा नजरेस पडत नाही. लांबी जेमतेम ८ ते १० मिमी, रंग राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर गडद डाग, मागच्या चंदेरी पंखांना झालर. दिवसा मातीच्या भेगांत नि पालापाचोळ्यात दडतो, रात्री बाहेर पडतो.

मादी पाती (फुलाच्या कळ्या), फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. ३ ते ६ दिवसांत अळी निघते. ती आधी पांढुरकी असते, गुलाबी पट्टे मोठी झाल्यावर येतात. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमाने बांधून टाकते. न उमललेल्या गुलाबासारखी दिसणारी ही डोमकळी दिसली की तोडा, अळीसकट चिरडा.

बोंडात शिरली की खरी पंचाईत. शिरताना पडलेलं बारीक भोक भरून येतं आणि बोंड वरून हिरवंगार दिसत राहतं. अमेरिकन बोंडअळी अर्धं अंग बाहेर ठेवून खाते, म्हणून दिसते. ही आत बसून सरकी खाते, तिथवर फवारा पोचत नाही. म्हणून आठवड्याला वेगवेगळ्या झाडांवरची २० मध्यम हिरवी बोंडं फोडून पाहावीत. सालीच्या आतल्या बाजूला फोड किंवा नागमोडी रेघ दिसली तरी अळी शिरलेली समजा. २० पैकी २ बोंडांत अळी सापडली, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता उपाय केला नाही तर नुकसान उपायाच्या खर्चापेक्षा जास्त होईल.

कामगंध सापळे (मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग पकडणारे) एकरी २, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच लावावेत. सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यागणिक ८ पतंग आले तरी तोच इशारा. दुसऱ्या किडीची गंधगोळी हाताळलेल्या हातांनी ही लावू नका, वास मिसळतो. गोळी साधारण महिन्याने बदलावी. जुन्या गोळीचा रिकामा सापळा फसवतो.

अळी १०-१४ दिवसांनी बोंड पोखरून बाहेर येते आणि बहुतेकदा जमिनीवर कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंत महिनाभर लागतो. पण दिवस लहान झाले, थंडी पडली, की पूर्ण वाढलेली अळी कोष न करता सरकीत सुप्तावस्थेत जाते. कधी दोन सरक्या जोडून त्यांच्यातच राहते. अशी ती कित्येक महिने तग धरते.

२००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटी वाणालाही (अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीलाही) ती दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं कवडी झाली, म्हणजे किडून नीट उमललीच नाहीत. फरदड हे त्याचं मोठं कारण: पाण्याच्या जोरावर पीक मार्चपर्यंत ओढलं, की अळीला अन्न मिळत राहतं. डिसेंबरअखेर पीक काढावं आणि पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) ढीग बांधावर रचू नयेत. त्यावरच्या वाळल्या बोंडांतल्या अळ्यांचे पतंग पुढच्या हंगामात बाहेर पडतात. जिनिंगमधल्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातल्या) सरकीतूनही ते निघतात, तिथेही सापळे हवेतच.