साडेअकरा फुटातला तानपुरा

घरी रेकॉर्डिंग ऐकताना वाद्य अगदी समोर वाजतंय असं वाटलं पाहिजे, या नादापायी माझे किती पैसे गेलेत हे घरात कुणालाच नक्की माहीत नाहीये, आणि ते तसंच राहू दे. अँप्लिफायर बदलला, स्पीकर दोनदा बदलले, जाड वायरी आणल्या (त्यांनी काही फरक पडला नाही, पण दुकानदारासमोर मान डोलावली खरी).

आता खरं वाद्य म्हणजे कसं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. पूर्वी पुण्यात रमणबागेत सवाई गंधर्व संगीत महोत्सव व्हायचा तेव्हा मागे सतरंजीवर बसून शाल गुंडाळून ऐकलेलं गाणं माझ्या डोक्यात फिट्ट बसलंय, पण तिथेही माझ्या कानापर्यंत जे आलं ते माईक, मिक्सर आणि मंडपातल्या ढीगभर स्पीकरमधूनच ना! म्हणजे इतकी वर्षं मी स्पीकरची तुलना स्पीकरशीच करत होतो. ढोलताशे सोडले तर माईकशिवाय आयुष्यभर ऐकलेलं वाद्य एकच, आईचा तानपुरा. मिरजेहून आणलेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा, आणि आईच्या मते माझ्यापेक्षा जास्त ऐकणारा.

मग ठरवलं, परीक्षा यानेच घ्यायची. आई सकाळी हॉलमध्ये बसते तिथेच तिला बसवून चांगल्या रेकॉर्डरवर दहा मिनिटं रेकॉर्ड केलं. पहिला टेक फुकट गेला, पावसाळी हवा आणि वर पंखा, दोन मिनिटांत पंचमाची तार उतरली, मग आईने खुंटी पिळली, मणी सरकवले, आणि दुसरा टेक सुरेख झाला. तो त्याच हॉलमध्ये लावला आणि, काय सांगू, डबक्यात बुडवलेला तानपुरा! खरज, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार, नुसती घुमतेय, आणि जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, कुठे गेली पत्ता नाही.

कारण शोधताना एक गंमत कळली. आईची पट्टी (तिचा सा) पांढरी पाच, पेटीवरची पाचवी पांढरी, म्हणजे खरजाची तार साधारण ९८ हर्ट्झला. त्या स्वराच्या लाटेची लांबी साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट, आणि टेप लावून बघितलं तर आमच्या हॉलची रुंदी बरोब्बर साडेअकरा फूट! बिल्डरने खरज लावूनच भिंती बांधल्या की काय कोण जाणे. लाट दोन भिंतींमध्ये नेमकी मावते, त्यामुळे भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलं की खरज फुगतो, आणि खुर्ची भिंतीपासून तीनेक फुटांवर ओढली की तोच खरज जवळजवळ गायब. हे खऱ्या तानपुऱ्याचंही होतच असणार, पण रेकॉर्डिंगमध्ये हॉलचा घुमारा एकदा आलेलाच असतो, वाजवताना तोच हॉल परत आपला हात मारून घेतो. दोनदा फोडणी दिलेल्या आमटीसारखं.

शिवाय स्पीकर आवाज फेकतो तो मुख्यतः पुढे. तानपुरा भोपळ्यातून, तबलीतून, दांडीतून असा चहूबाजूंनी वाजतो, आणि घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्या, रुंद माथ्यावर तार घासत एकामागून एक जे स्वर उमलत जातात ते भिंतींवरून, छतावरून फिरून कानात येतात. मग मी डोकं लढवून एकच स्पीकर ठेवला, स्टिरिओ बंद, आई बसते त्याच सतरंजीवर, आणि तोही पाठीवर उताणा झोपवून, छताकडे तोंड करून. दिसायला आजारी माणसासारखा, पण आवाज बराच मोकळा झाला.

या वेडात मी पहिला नाही. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत 'टोन टेस्ट' भरवल्या होत्या, गायिका फोनोग्राफशेजारी उभी राहून रेकॉर्डबरोबर गायची, मधेच गप्प व्हायची, कधी दिवेच घालवायचे आणि लोकांना कळायचं नाही की आता बाई गातायत की मशीन. त्यातल्या ॲना केस या गायिकेने पुढे म्हातारपणी सांगून टाकलं की मी माझाच आवाज मशीनसारखा काढायचे, जोरात गायले असते तर मशीन मागे पडलं असतं. म्हणजे मशीन बाईसारखं झालंच नव्हतं, बाईच मशीनसारखी झाली होती. आता तानपुऱ्याला कोण सांगणार की बाबा जरा दबून वाज?

परवा संध्याकाळी तो उताणा स्पीकर परत लावला. फाईल कुठली ते न बघताच, आणि लागला नेमका पहिला टेक, फुकट गेलेला. मी बंद करायला उठणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, पंचम उतरलाय. खुंटीला हात लावू नकोस, मी येते."

आई हात पुसत दारात आली. कोपऱ्यात गवसणी घालून उभ्या असलेल्या तानपुऱ्याकडे बघितलं, सतरंजीवर झोपलेल्या स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बारीक कर ते," म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीयेत."