माळाला झाडं नकोत

रोपवाटिकावाल्याचा जुलै म्हणजे कमाईचा महिना. 1 तारखेला वनमहोत्सव सुरू झाला की शाळा, मंडळं, कंपन्या, सगळ्यांना रोपं हवी असतात. त्या दिवशी पुरंदर तालुक्यात एका कंपनीची माणसं बसने येणार होती. पाचशे रोपं, जागा गावचं गायरान. कागदोपत्री असल्या माळांना सरसकट ‘पडीक’ म्हणायची पद्धत आहे.

टेम्पो रिकामा करत होतो, तेवढ्यात मेंढरं घेऊन एक आबा आले. "बघून पाय टाका, हितं टिटवीनं अंडी घातल्यात." वाकून पाहिलं तरी दिसेनात. त्यांनी काठी रोखली तेव्हा कळलं. खड्ड्यासाठी फक्कीने आखलेल्या खुणेपासून वीतभरावर, उघड्या मुरमात चार मातकट अंडी. काळे ठिपके, निमुळती टोकं आत.

"झाडं लावा की, पर वड्याला लावा. हितं सावली धरली की पवन्या, मारवेल गवत गेलं. मेंढरांनी काय खायाचं?"

आबांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. गवताच्या मुळ्या वीतभर माती धरून ठेवतात, कार्बनही मातीतच साठवतात. लांडगा, खोकड, चिंकारा यांना असा मोकळा माळच लागतो. सोलापूरकडे नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी राखलं, तेही माळरानच. झाडं जास्त तेवढं पर्यावरण चांगलं, हे गणित इथे लागू पडत नाही. रोपं विकणाऱ्यानं हे बोलू नये म्हणतात, पण माळावर लावून चैत्रात वाळलेली रोपं मी पुष्कळ पाहिलीत.

सरपंचताईंना बोलावलं. त्यांना ओढ्याचा काठ दरवर्षी खचतो याचीच काळजी, त्यामुळे त्या लगेच तयार झाल्या. यादीत निम्म्याहून जास्त करंज, जांभूळ, अर्जुन होते. अर्जुन तर मुळातच पाण्याकाठचा. त्याची आणि करंजाची मुळं काठ धरतात, पुराचा लोंढा थोडा तरी अडतो, करंज फुलला की मधमाश्यांची सोय होते. गावातल्या बायकांनी कुदळी आणल्या, कंपनीची पोरं चिखलात उतरली. कडुनिंबाची रोपं शाळेच्या कुंपणाला गेली.

कंपनीच्या मॅडमना चिंता फलकाची. त्यावर आधीच छापलेलं: ‘माळरान हरित करू या’. शेवटी तो ओढ्याकाठीच रोवला आणि सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतले.