अर्धशिशीचं औषध आणि दम्याची चौकशी

आमच्या माहेरी डोकं उठलं की खापर पित्तावर फुटतं. आईचं तेच, मावशीचंही तेच. उलटी झाली की मोकळं वाटतं, म्हणजे पित्तच, असा सगळ्यांचा हिशोब. माझ्याही डोळ्यांचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, सुंठ उगाळून कपाळाला लावून झाली. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच न्यूरॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली.

एकच बाजू ठणकते का, उजेड-आवाज नकोसा होतो का, आधी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेषा येतात का, एवढ्यात अर्धशिशी ठरली आणि डोक्याचा विषय संपला. मग सुरू झाली बाकीच्या शरीराची चौकशी. लहानपणी दमा होता का? मूतखडा? वजन वाढतंय का? झोप कशी लागते? कधी फार उदास वाटतं का? आणखी मूल हवंय का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? मी जरा वैतागलेच. अहो, डोकं दुखतंय! पण औषध ठरतं ते याच उत्तरांवरून. त्या रेषा दिसणाऱ्या बाईने इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. मला रेषा दिसत नाहीत. एमआरआय काढायचा नाही म्हटल्यावर सासूबाईंना मात्र डॉक्टर कच्चे वाटले.

आधी जुनी गोळी बंद झाली. अर्गोटामिन आणि कॅफिन असलेली ती पट्टी मेडिकलमध्ये ‘अर्धशिशीची’ म्हटलं की मिळायची. अशी मिश्र गोळी महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने पोटात गेली की गोळीच डोकं दुखवायला लागते. साध्या पॅरासिटामॉलला ही मर्यादा पंधरा दिवसांची. बंद केल्यावर सुरुवातीला दुखणं वाढतं, म्हणून मी मे महिन्याची सुट्टी निवडली. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. पडदे ओढलेले, आणि बाहेर लग्नाची वरात.

मग दोन वेगळी औषधं मिळाली. दुखायला लागल्यावर घ्यायची रिझाट्रिप्टान, सोबत मळमळीसाठी डोमपेरिडोन. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या देत नाहीत, म्हणून आधी बीपी मोजलं, ईसीजी काढला. ही गोळी दुखणं हलकं असतानाच घ्यायची. आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याचं केवढं कौतुक! पण अर्धशिशीत जठराचं कामच मंदावतं; उलट्या सुरू होईपर्यंत थांबलात तर गोळी नुसती पोटात पडून राहते. पहिल्यांदा घेतली तेव्हा मान आणि छाती आवळल्यासारखी झाली आणि मी घाबरले. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, म्हणून निभावलं. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घ्यायची नाही, हा नियम.

दुसरं औषध रोजचं, झटके कमी व्हावेत म्हणून. गंमत म्हणजे यातली जुनी औषधं मुळात अर्धशिशीसाठी निघालेलीच नाहीत. कुठलं बीपीचं, कुठलं फिटचं, कुठलं नैराश्याचं. सगळ्यात आधी नाव येतं प्रोप्रानोलोलचं. माझ्या लहानपणच्या दम्यामुळे ते कटाप. फ्लुनारिझिनने बरं वाटलं, पण भूक अशी खवळली की ब्लाउज उसवायची वेळ आली.

पुढे टोपिरामेट. मूल नको आहे ना, हे पुन्हा विचारून घेतलं, कारण गर्भाला ते घातक. पंचवीस मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत नेलं. बोटांना मुंग्या यायच्या, आणि सोडा पाण्यासारखा सपक लागायचा. टपरीवाल्याला मी उगाच बोल लावला. मूतखडा होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगितलं. शाळेतली स्वच्छतागृहं बघितली आहेत का कुणी? आमच्यातल्या निम्म्या बाई दिवसभर पाणीच पीत नाहीत. वजन उतरलं, घरचे खूश. पण सहावीला अपूर्णांक शिकवताना फळ्यावर रेघ मारली, वरच्याला अंश म्हटलं आणि खालच्याचं नावच येईना. खडू रेघेखाली तसाच टेकलेला. मुलं एका सुरात ओरडली, ‘छेद!’ शब्द न सुचणं हा या गोळीचा ठाऊक असलेला त्रास आहे. सोनार असते तर कदाचित चालवून घेतलं असतं. गणिताच्या बाईंना कसं परवडणार?

मग अमिट्रिप्टिलिन, दहा मिलिग्रॅम, रात्री. नैराश्याच्या उपचारात याचा डोस कितीतरी जास्त असतो. ‘डिप्रेशनची गोळी कशाला?’ म्हणून बहिणीने फोनवर तासभर डोकं खाल्लं. तोंड कोरडं पडतं, आणि झोपताना घेतली तर सकाळी जडपणा राहतो, म्हणून मी आठलाच घेते. यातलं कुठलंही औषध आठ-पंधरा दिवसांत जोखायचं नसतं. पुरत्या डोसवर निदान दोन महिने द्यावे लागतात. झटके निम्म्यावर आले तरी औषध लागू पडलं असं धरतात. माझी नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लाल ठिपक्यांनी. आता ठिपके विरळ झालेत.

खास अर्धशिशीसाठीच काढलेली इंजेक्शनंही आहेत. एरेनुमॅबला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. महिन्यातून एकदा कातडीखाली टोचतात. मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, दहा मिलिग्रॅमवर भागतंय तर एवढा खर्च कशाला?’ महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांना बोटॉक्सही देतात, कपाळापासून खांद्यापर्यंत एकतीस ठिकाणी, दर बारा आठवड्यांनी.

दिवाळीच्या सुट्टीत गोळी कमी करून बघू, असं ठरलंय. सहामाहीचे पेपर तपासून होईपर्यंत मात्र तिला हात लावायचा नाही, ही अट माझी.