तुम्ही विचारलंत म्हणून: टिकली, पगडी आणि शाळेचं फाटक

हिंजवडीच्या कंपन्यांतून फ्रान्सला बदली झालेली कुटुंबं माझ्याकडे फ्रेंच शिकायला येतात. दर तुकडीत एखादी आई विचारतेच, "ताई, तिथल्या शाळेत मुलीने टिकली लावलेली चालेल का हो?"

15 मार्च 2004 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांत, धर्म ठळकपणे दाखवणारी चिन्हं आणि पोशाख विद्यार्थ्यांना बंद केले. मे महिन्यात परिपत्रक निघालं, त्यात नावं आहेत ती हिजाबची, ज्यूंच्या किप्पा टोपीची आणि फारच मोठ्या क्रूसाची. टिकलीचं नाव नाही. नजरेत न भरणारी लहान चिन्हं चालतात. खासगी शाळा आणि विद्यापीठं या कायद्यात येत नाहीत. तेव्हा प्रवेश घेतानाच शाळेची नियमावली मागून वाचा.

आईला एवढं पुरतं. पण मला पुढचंही सांगावंसं वाटतं. लहान चालेल, मोठं नाही, हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे. ज्याची श्रद्धा लॉकेटमध्ये मावते त्याला त्यात काहीच सोडावं लागत नाही. शीख मुलाने काय करायचं? 2004 मध्येच पॅरिसजवळच्या बोबिन्यीमधल्या एका शाळेतून शीख मुलांना काढलं. त्यांतला एक तर मोठी पगडीही नाही, डोक्याला छोटं गडद रंगाचं कापड बांधून आला होता. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्याच्या बाजूने मत दिलं. तोवर त्याचं शाळेचं वय सरलं होतं. आपल्याकडे माळकरी घरातल्या पोराला कुणी तुळशीची माळ फाटकापाशी काढून ठेवायला सांगितली, तर त्या घरात काय होईल हे देहू-आळंदीच्या माणसांना सांगायला नको.

शिक्षकांचं वेगळं. 1905 मध्ये फ्रान्सने चर्च आणि सरकार यांची फारकत केली, ती मोठ्या झगड्यानंतर. सरकारच्या वतीने वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाने आपला धर्म मिरवू नये, हे मला पटतं. पण बाकावर बसलेलं पोर म्हणजे सरकार नव्हे.

आपल्या राज्यघटनेने 25 व्या कलमातच लिहून ठेवलं, की कृपाण बाळगणं हा शीख धर्म पाळण्याचाच भाग आहे. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, धर्मामुळे गात मात्र नसत. शाळेने त्यांना काढलं, आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. इतकं स्वच्छ उत्तर हाताशी असूनही कर्नाटकात, उडुपीच्या कॉलेजातून पेटलेल्या हिजाबबंदीच्या वादापाशी आपण अडखळलो. मार्च 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, कारण हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा नाही असं त्यांचं मत पडलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. त्यांतल्या न्या. सुधांशू धुलियांनी प्रथा अत्यावश्यक आहे की नाही ही मोजणी बाजूला ठेवली आणि मुलींच्या शिक्षणाचं काय होईल याचा विचार आधी केला. मला त्यांचंच पटतं, उडुपीसाठीही आणि बोबिन्यीसाठीही.