फूलगळ, भाग ४: अखेर सहा टोमॅटो धरले

नागपूरच्या गच्चीवरच्या अर्का रक्षक या टोमॅटोच्या वाणाने अखेर फळ धरलं. तिसऱ्या झुपक्यात चार, चौथ्यात दोन. वाटाण्याएवढीच आहेत, पण देठावरची गाठ हिरवीगार आहे. आधीच्या दोन्ही झुपक्यांतलं एकूण एक फूल त्याच गाठीशी पिवळं पडून बोट लागताच गळत होतं.

मागच्या भागात ५० टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटला कुचकामी ठरवलं होतं, ते शब्द मागे. नेट लावून आठ दिवस झाले तरी गळ थांबेना, कारण पराग फूल उमलताना नाही, त्याआधी आठ-दहा दिवस, कळी बारीक असतानाच घडतो. तेव्हा पारा ३५च्या वर गेला असेल तर तो वांझ निघतो. आज सावली केली तर फायदा दिसणार पुढच्या झुपक्यात.

दुसरा चोर रात्रीचा. रात्री २१-२२च्या वर पारा राहिला की फळधारणा मंदावते. रात्री ११ वाजता ग्रोबॅगच्या उंचीवर २९ होते, खाली अंगणात २५. दिवसभर तापलेला स्लॅब! आता बॅगा दोन-दोन विटांवर आहेत आणि संध्याकाळी सहाला स्लॅबवर पाणी मारतो. (पुणेकरांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

१९:१९:१९ खत बंद, नत्राने नुसता पाला माजतो. कळ्या दिसताच बोरॉन लिटरला १ ग्रॅम, एकच फवारणी. पराग झडावा म्हणून बॅटरीचा टूथब्रश झुपक्याच्या दांडीला मागून दोन-तीन सेकंद, सकाळी १०च्या सुमारास. ब्रश स्वस्तातला घ्या, थरथरला की झालं. रत्नागिरीला हीच वेळ चुकते: दमट हवेत पराग चिकटून बसतो, तिथे फुलांवरचा ओलावा सुकल्यावर, ११-१२ला लावा. आणि ‘धुतलेलं’ म्हणून विकतात ते कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोनदा धुवाच, खारट निघतं.

पुढे ७५ टक्क्यांचं नेट आणायचं ठरत होतं. पण तेवढ्या अंधारात फुलंच कमी येतील. शिवाय रात्री अंथरलेलं नेट स्लॅबची धग वर जाऊ देत नसणार, हे आत्ता लिहिताना सुचलं. म्हणजे ५०चंच ठेवायचं, तारेवर पडद्याच्या कड्यांनी सरकतं: ११ला ओढायचं, ४ला गुंडाळायचं. कड्या उद्या आणतो. पाचव्या झुपक्याच्या कळ्या आत्ता मोहरीएवढ्या आहेत.